गोळी घड्याळानं घ्या, भीतीनं नको: जुनाट निद्रानाशावर औषध आणि वर्तनोपचार एकत्र कसे चालवायचे

नाशिकच्या सिडकोतल्या एक शिक्षिकाबाई माझ्याकडे आल्या तेव्हा त्यांच्या पर्समध्ये रुमालात गुंडाळलेली झोपेच्या गोळ्यांची स्ट्रिप होती. (ओळख लागू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) रोज गोळी घेत नव्हत्या. पावणेदहाला आडवं व्हायचं, वाट बघायची, एक वाजला की पोटात खड्डा पडायचा आणि मग अर्धी गोळी. कधी तीन वाजता उरलेली अर्धी. सकाळी शाळेला स्कूटीवरून जाताना मुंबई नाक्याच्या सिग्नलला डोळे मिटायचे. "मी काही गोळीच्या आहारी गेलेली नाही हं, लागली तरच घेते," हे त्यांनी पहिल्या पाच मिनिटांत दोनदा सांगितलं.

गोम त्या "लागली तरच" मध्ये आहे. ऐकायला हे संयमाचं वाटतं. पण मेंदू त्यातून काय शिकतो ते बघा: जाग आहे, भीती वाढतेय, भीती टोकाला गेली, गोळी घेतली, सुटका झाली. म्हणजे भीतीला दर वेळी बक्षीस मिळतं. पुढच्या रात्री ती जरा लवकरच हजर होते. गोळी तीच ठेवून ती फक्त ठरलेल्या रात्री, ठरलेल्या वेळी घेतली तर हे शिकणं मोडता येतं. या लेखात ते कसं करायचं ते सांगते.

मी समुपदेशनाचं काम करते. गोळी लिहिण्याचा अधिकार मला नाही, तो डॉक्टरांचा. म्हणून खाली औषधांबद्दल जे आहे ते डॉक्टरांशी नीट बोलता यावं यासाठी आहे. स्वतःच डोस ठरवण्यासाठी नाही.

आधी बघा, हा निद्रानाशच आहे का

आठवड्यातून तीन किंवा जास्त रात्री, तीन महिने किंवा अधिक काळ झोप लागत नाही, मोडते, किंवा पहाटे फार लवकर टक्क जाग येते. झोपायला वेळ आणि जागा असूनही असं होतं. आणि दिवसा त्याचा त्रास होतो. हे सगळं जुळलं तर त्याला जुनाट निद्रानाश म्हणतात. "वेळ आणि जागा असूनही" हे शब्द नाशिकमध्ये फार महत्त्वाचे.

अंबड किंवा सातपूरच्या कारखान्यात तिसरी पाळी करून आलेला माणूस सकाळी आठला झोपतो. घरात कुकरच्या शिट्ट्या, खाली भंगारवाला. त्याची झोप बिघडलेली नाही, तिला जागाच मिळत नाही. दिंडोरी-निफाडकडे शेतीला रात्रीची वीज आली की बिबट्याच्या धाकात टॉर्च घेऊन मोटार चालू करायला जावं लागतं. तो शेतकरीही झोपेला मुकलाय, पण त्याला निद्रानाशाचा उपचार लावून उपयोग नाही. उलट पुढे येणारा "अंथरुणातला वेळ कमी करा" हा उपाय अशा माणसाला घातक ठरेल. पण ऑक्टोबरची गोडी छाटणी, फुलोरा, अवकाळीची धास्ती, हे सगळं संपून द्राक्षं गाडीत भरून गेल्यावर, घरी निवांत असतानाही मे महिन्यात तो रात्री दोनला टक्क जागा असेल, तर मात्र हा लेख त्याच्यासाठी आहे. मूळ कारण निघून गेलं आणि जागरण मागे उरलं, हेच जुनाट निद्रानाशाचं खास लक्षण. आर्थर स्पीलमन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं त्याची तीन पायऱ्यांत मांडणी केली: काही जणांचा पिंडच तसा असतो, एखादा प्रसंग ठिणगी टाकतो, आणि नंतर आपल्याच सवयी आग तेवत ठेवतात. लवकर आडवं होणं, दुपारी भरपाई करणं, रात्रभर घड्याळ बघणं या त्या सवयी. वर्तनोपचार, म्हणजे सवयी आणि विचार बदलण्याचा उपचार, या तिसऱ्या पायरीवर घाव घालतो. गोळी तिथे पोचत नाही.

डॉक्टरांकडे जाऊन काही गोष्टी आधी तपासून घ्या. घोरण्यात मधेच श्वास थांबतो असं घरच्यांनी सांगितलंय का? रक्तदाब दोन-तीन गोळ्यांनीही आवरत नाही का? मग स्लीप अॅप्नियाची चाचणी आधी. त्यात काही झोपेच्या गोळ्यांनी श्वास आणखी दबू शकतो. संध्याकाळनंतर पायांत वळवळ होते, पाय हलवल्याशिवाय चैन पडत नाही, असं असेल तर रक्तातलं फेरिटिन म्हणजे लोहाचा साठा तपासा. नुसतं हिमोग्लोबिन बघून भागत नाही. थायरॉइड, रजोनिवृत्तीतल्या गरम वाफा, रात्री लघवीला उठवणारी रक्तदाबाची गोळी, दम्यासाठी घेतलेलं स्टेरॉइड यांचीही चौकशी व्हायला हवी. आणि एक प्रश्न बरेच जण विचारायचे राहतात: कधी चार-पाच दिवस अजिबात झोप नसूनही उत्साह ओसंडून वाहत होता का? उत्तर "हो" असेल तर बायपोलर आजाराची, म्हणजे अति उत्साह आणि उदासी आलटून पालटून येण्याची, शक्यता असते. तिथे झोप कमी करणारा कुठलाही उपाय मानसोपचारतज्ज्ञांशिवाय सुरू करायचा नाही. फिट येणाऱ्यांनाही हेच लागू.

दोन्ही एकत्र कशासाठी

सीबीटी-आय या नावानं ओळखला जाणारा वर्तनोपचार हा जुनाट निद्रानाशावरचा पहिला उपाय आहे. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या डॉक्टरांच्या संघटनेनं २०१६ मध्ये आणि युरोपातल्या तज्ज्ञांनी २०१७ मध्ये तसं स्पष्ट सांगितलं. मग गोळी हवीच कशाला? कारण वर्तनोपचाराचे पहिले दोन-तीन आठवडे जड जातात. दिवसा पेंग येते, चिडचिड होते, आणि बरेच जण तिथेच सोडून देतात. गोळी पहिल्या रात्रीपासून काम करते, पण तिचा फायदा ती थांबली की संपतो. वर्तनोपचार सावकाश चढतो आणि टिकतो. एकीचा जोर सुरुवातीला, दुसऱ्याचा शेवटी.

कॅनडातले चार्ल्स मोरिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये १६० प्रौढांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. काहींना फक्त वर्तनोपचार, काहींना वर्तनोपचार आणि झोल्पिडेम ही झोपेची गोळी १० मिलिग्रॅम, असे सहा आठवडे दिले. नंतरच्या सहा महिन्यांत दोन्ही घेतलेल्यांचे पुन्हा दोन भाग केले. ज्यांची गोळी थांबवून नुसता वर्तनोपचार चालू ठेवला, त्यांच्यातले ६८ टक्के लोक नंतरच्या तपासणीत निद्रानाशातून बाहेर होते. ज्यांनी अधूनमधून लागेल तशी गोळी चालू ठेवली, त्यांच्यात हे प्रमाण ४२ टक्के. माझ्या शिक्षिकाबाईंना मी हेच दोन आकडे कागदावर लिहून दाखवले. "लागली तरच" च्या विरोधात याहून चांगला पुरावा माझ्याजवळ नाही.

म्हणजे एकत्र उपचारात क्रम महत्त्वाचा. गोळी सुरू होते त्याच दिवशी ती कधी निघणार याचा अंदाजे महिना डायरीत लिहून ठेवायचा.

पहिले दोन आठवडे: फक्त लिहा

काहीही बदलू नका. रोज सकाळी चहा घेताना पाच गोष्टी लिहा: आडवे कधी झालात, अंदाजे झोप कधी लागली, मधे एकूण किती वेळ जागे होता, शेवटची जाग कधी आली, अंथरुणातून कधी उठलात. त्यापुढे गोळी घेतली का, कोणती, किती वाजता. आदल्या दिवशी दुपारची डुलकी किती मिनिटं. अंदाज चालेल. रात्री घड्याळ बघून लिहायचं नाही, कारण घड्याळ बघणं हाच रोगाचा भाग आहे. भिंतीवरचं घड्याळ उतरवा, मोबाइल खोलीबाहेर.

मनगटावरच्या घड्याळातले "गाढ झोप ४२ मिनिटं" वगैरे आकडे माझ्या मते या कामापुरते बाजूला ठेवा. ते वाचूनच कित्येकांची झोप उडालेली मी पाहिली आहे.

दोन आठवड्यांनी हिशेब करा. झोपलेला वेळ भागिले अंथरुणात काढलेला वेळ, गुणिले शंभर. शिक्षिकाबाई पावणेदहाला आडव्या होत आणि सव्वासहाला उठत, म्हणजे साडेआठ तास, ५१० मिनिटं. झोप सरासरी साडेपाच तास, ३३० मिनिटं. ३३० भागिले ५१०, म्हणजे जेमतेम ६५ टक्के. हा आकडा ८५ च्या पुढे हवा. अंथरुणातले तीन तास त्या रोज नुसतं झोपेची वाट बघण्यात घालवत होत्या.

डॉक्टरांशी गोळीबद्दल काय बोलायचं

आपल्याकडे सर्रास लिहिली जाणारी क्लोनाझेपाम शरीरातून निम्मी व्हायलाच ३० ते ४० तास घेते. आज रात्रीची गोळी उद्या दुपारीही रक्तात असते आणि परवाच्या गोळीत मिसळते. "दिवसभर डोकं जड" ही तक्रार बऱ्याचदा झोप न झाल्याची नसते, गोळीची असते. झोल्पिडेम उलट साधारण अडीच तासांत निम्मी होते. ती जेवणानंतर लगेच घेतली तर उशिरा चढते. आपल्याकडे जेवणं साडेनऊला, गोळी पावणेदहाला. मग "आज गोळी लागूच पडली नाही" म्हणून दुसरी. या दुसऱ्या गोळीपासून सावध राहा. बायकांच्या शरीरात हे औषध जास्त वेळ टिकतं म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०१३ मध्ये त्यांचा शिफारशीतला डोस १० वरून ५ मिलिग्रॅम केला. २०१९ मध्ये झोपेत चालणं, स्वयंपाक करणं, गाडी चालवणं असे प्रकार घडू शकतात म्हणून त्यावर सर्वांत कडक इशारा छापायला लावला. असं एकदा जरी घडलं तरी ते औषध त्या माणसासाठी कायमचं बंद.

मेलाटोनिन झोपेचं घड्याळ पुढे-मागे सरकवायला कामाचं आहे; जुनाट निद्रानाशात त्याचा परिणाम माफक. युरोपात ५५ वर्षांपुढच्यांसाठी २ मिलिग्रॅमची सावकाश विरघळणारी गोळी मान्य आहे. उदासीही असेल तर डॉक्टर मिर्टाझापिनसारखं औषध निवडतात, पण पायांची वळवळ असेल तर ती त्यानं वाढू शकते, तेव्हा ते लक्षण त्यांना आधी सांगा. सर्दी-अॅलर्जीच्या गुंगी आणणाऱ्या गोळ्या झोपेसाठी वापरू नका. आजी-आजोबांना तर मुळीच नको: त्यांनी लघवी अडते, भ्रम होतो. ६५ च्या पुढे बेंझोडायझेपाइन (क्लोनाझेपामच्या गटातली औषधं) आणि झोल्पिडेम दोन्ही शक्यतो टाळावीत असा अमेरिकेतल्या वृद्धोपचारतज्ज्ञांचा सल्ला आहे. रात्री बाथरूमला जाताना पडणं आणि खुब्याचं हाड मोडणं हे त्यामागचं कारण.

दारूबद्दल मोकळं बोलू. नाशिक वाइनचं शहर म्हणवतं आणि "एक ग्लास घेतला की झोप छान लागते" हे मी आठवड्यातून एकदा तरी ऐकते. लागते, खरं आहे. पण दारू उतरायला लागली की रात्रीच्या दुसऱ्या भागात झोपेचे तुकडे पडतात. आणि झोपेच्या गोळीबरोबर ती श्वास दाबते. ज्या रात्री गोळी त्या रात्री थेंबही नाही. यात तडजोड नाही.

अश्वगंधा, जायफळ घातलेलं दूध, काशाच्या वाटीनं तळपायांना तेल. तेल आणि दुधाला माझी हरकत नाही, झोपेआधीचा तो शांत अर्धा तास चांगलाच. अश्वगंधेची गोळी मात्र डॉक्टरांना सांगूनच घ्या. तिची गुंगी औषधाच्या गुंगीत भर घालू शकते, आणि क्वचित यकृताला त्रास झाल्याच्या नोंदी आहेत.

डॉक्टरांना विचारायचे प्रश्न थोडकेच आहेत. ही गोळी किती वेळ अंगात राहते? किती आठवडे? थांबवताना एकदम की हळूहळू? सकाळी किती वाजेपर्यंत गाडी चालवायची नाही? शेजारच्या मेडिकलवाल्यानं ओळखीखातर चिठ्ठीशिवाय स्ट्रिप दिली तर घेऊ नका. झोल्पिडेम, अल्प्राझोलाम, डायझेपाम, नायट्राझेपाम ही औषधं शेड्यूल एच-वन मध्ये, म्हणजे चिठ्ठीशिवाय न विकायच्या औषधांच्या सरकारी यादीत आहेत. १ मार्च २०१४ पासून लागू असलेल्या नियमानुसार दुकानदाराला चिठ्ठी लिहिणारे डॉक्टर आणि रुग्ण यांची वेगळ्या वहीत नोंद करून ती तीन वर्षं जपावी लागते.

झोपेची खिडकी, आणि गोळीशी तिचं भांडण

वर्तनोपचारातला सर्वांत जोरदार उपाय म्हणजे अंथरुणातला वेळ आवळणं. डायरीत झोप साडेपाच तास निघाली तर अंथरुणातही साधारण साडेपाच तासच घालवायचे. अंथरुणातला हा ठरलेला वेळ म्हणजे झोपेची खिडकी. उठायची वेळ पक्की, रविवारीसुद्धा तीच. भूक लागेपर्यंत ताट वाढायचं नाही, तसं. आठवड्याच्या हिशेबात आकडा ८५ च्या वर गेला की १५ मिनिटं वाढवायची, ८० ते ८५ असला तर तसंच ठेवायचं, ८० च्या खाली गेला तर १५ मिनिटं कमी करायची. साडेपाच तासांच्या खाली मात्र स्वतःच्या जबाबदारीवर कधीच जायचं नाही.

आता अडचण. झोल्पिडेमसारखी गोळी घेतल्यावर सात ते आठ तास झोपायला हातात असावेत, असं त्या औषधाच्या माहितीपत्रकातच असतं. बारा ते साडेपाच अशी खिडकी ठेवून रात्री बाराला गोळी घेतली आणि साडेसहाला स्कूटीला किक मारली, तर आपण रुग्णाला अपघाताकडे ढकलतोय. दोन उपचार एकत्र म्हणजे दोन्ही पूर्ण जोरात एकाच वेळी, असा अर्थ बरेच जण घेतात. तो चुकीचा आहे.

म्हणून मी हळू रस्ता धरते. गोळी चालू असताना खिडकी सैल ठेवायची, आणि गोळी उतरवायला घेतली की आवळायची. शिक्षिकाबाईंच्या डॉक्टरांशी बोलून ठरलं ते असं: पहिले तीन आठवडे अंथरुणात साडेदहा ते साडेपाच, सात तास. जेवण आठला. गोळी दहा वाजून वीस मिनिटांनी, पलंगाच्या कडेला बसून, रोज, झोप येवो न येवो. म्हणजे सकाळी साडेसहाला गाडी काढेपर्यंत आठ तास उलटलेले. या आठवड्यांत झोप सहा तासांवर आली: ३६० भागिले ४२०, साधारण ८६ टक्के. त्यांना वाटलं आपण बऱ्या झालो. मी म्हटलं, थांबा, यातली बरीच झोप गोळीची आहे. वेळ ८६ च्या हिशेबानं वाढवायची सोडून आम्ही चौथ्या आठवड्यात खिडकी सहा तासांवर आणली, साडेअकरा ते साडेपाच, आणि त्याच आठवड्यात गोळीच्या रात्री कमी करायला सुरुवात केली. गोळी सुटल्यावर जी झोप कमी होणार, तिची भरपाई करायला खिडकीनं साठवलेली पेंग हाताशी असते. जिथे गोळी आहे त्या रात्री मात्र ती आधीसारखी दहा वीसला घेऊन साडेदहालाच आडवं व्हायचं; जागं राहून गोळीवर रेटायचं नाही.

त्या दिवसांत त्या स्कूटीऐवजी सिटीलिंकच्या बसनं गेल्या. तुम्ही प्रेसवर, लेथवर किंवा ट्रकवर काम करत असाल तर खिडकी आवळण्याचा भाग तज्ज्ञांच्या देखरेखीशिवाय करूच नका. तुमच्यासाठी दर आठवड्याला १५ ते ३० मिनिटं अंथरुणातला वेळ कमी करत नेणारा सौम्य प्रकार बरा.

अंथरूण फक्त झोपेसाठी

हा नियम १९७२ मध्ये रिचर्ड बूटझिन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं मांडला, पण आपल्या आज्यांना तो ठाऊक होता असं मला वाटतं. रात्री अंथरूण घालायचं, सकाळी वळकटी करून कोपऱ्यात ठेवायची. दिवसभर गादी दिसतच नसे. आता पलंगावरच मटार सोलतो, मुलांचा अभ्यास घेतो, मालिका बघतो, हप्त्यांचा हिशेब करतो. मेंदूला कळत नाही की ही जागा कशाची.

नियम असा: पेंग आल्याशिवाय आडवं व्हायचं नाही, आणि साधारण वीस मिनिटं जागे आहोत असं वाटलं की उठून दुसरीकडे बसायचं. पुन्हा डोळे जड झाले की परत यायचं. एका रात्रीत तीन वेळा, चार वेळा, हरकत नाही.

"पण ताई, वन बीएचके आहे, हॉलमध्ये सासू-सासरे झोपतात, जाऊ कुठे?" हा प्रश्न सिडकोत आणि नाशिकरोडला मला हमखास येतो. उत्तर स्वयंपाकघरातलं स्टूल, मंद दिवा आणि कंटाळवाणं काम. शेंगा निवडा, जुनी मासिकं चाळा. गॅलरीत खुर्ची असेल तर उत्तम, हिवाळ्यात शाल घेऊन. मोबाइल नको. आणि घरच्यांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर अंधारात स्टुलावर बसलेली सून बघून सासूबाईंची झोप उडायची. घरात खरंच जागा नसेल किंवा गुडघे दुखत असतील तर उठून पलंगावरच, पण पायाच्या बाजूला, भिंतीला टेकून बसा.

गोळीच्या रात्री या नियमात बदल. गोळी चढलेली असताना घरभर फिरणं धोक्याचं, म्हणून खुर्ची पलंगाच्या शेजारीच ठेवायची. गॅस पेटवायचा नाही, जिना उतरायचा नाही, फोनवर कुणाला मेसेज करायचे नाहीत. वयस्कर माणसांनी उठून बसण्यावरच भागवावं.

दुपारची वामकुक्षी या काळात बंद. शेवटचा चहा दुपारी दोनच्या आत. चहा-कॉफीतलं कॅफिन निम्मं उतरायला साधारण पाच तास लागतात, काहींना त्याहून जास्त. सकाळी मात्र उजेडात बाहेर पडा. गोल्फ क्लबच्या मैदानाला दोन फेऱ्या पुरे. या सगळ्या चांगल्या सवयींबद्दल एक कडू गोष्ट: नुसत्या यांनी जुनाट निद्रानाश जात नाही. "रात्री गरम दूध घ्या, मोबाइल बघू नका" एवढ्या सल्ल्यावर तुमची बोळवण झाली असेल तर उपचार झालेलाच नाही.

डोक्यातली बडबड

रात्री दोन वाजता मन जे बोलतं ते लिहून काढा, पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. सातच्या सुमारास पंधरा मिनिटं, दोन रकाने. डावीकडे भीती, उजवीकडे अनुभव. शिक्षिकाबाईंनी लिहिलं होतं: "झोप झाली नाही तर उद्या वर्गात तोंड उघडता येणार नाही." उजवीकडे त्यांनीच गेल्या दोन आठवड्यांची नोंद बघून लिहिलं: "चार तास झोपून पाच तास शिकवलं. चिडले दोनदा. तोंड उघडलं." ही समजूत घालण्याची युक्ती नव्हे, हिशेब आहे.

गोळी चालू असतानाची एक खास बडबड असते: "झोप गोळीनं आली, माझ्यामुळे नाही." ही रुजली तर गोळी सोडताना पाय लटपटतात. म्हणून डायरीत रोज एक ओळ: काल रात्री मी काय पाळलं. उठायची वेळ पाळली, वाट न बघता उठून बसले, एवढंच.

गोळी उतरवणं

आधी ठाम सूचना. बेंझोडायझेपाइन गटातली औषधं (क्लोनाझेपाम, अल्प्राझोलाम, डायझेपाम वगैरे) अनेक महिने रोज घेत असाल तर एकदम बंद करू नका. फिट येऊ शकते. २०२५ मध्ये अमेरिकेतल्या वैद्यकीय संघटनांनी मिळून केलेल्या मार्गदर्शक सूचना म्हणतात: दर दोन ते चार आठवड्यांनी डोस ५ ते १० टक्के कमी करून सुरुवात करावी आणि दोन आठवड्यांत २५ टक्क्यांहून जास्त कपात करू नये. शेवटचा टप्पा सर्वांत सावकाश. लांब टिकणाऱ्या गोळीत रात्री वगळण्याचा उपयोग नाही, डोसच कमी करायचा. सावकाश विरघळणारी, म्हणजे सीआर लिहिलेली गोळी अर्धी तोडायची नाही.

या कामात वर्तनोपचाराचा हात किती मोठा, ते कॅनडातल्याच २००३ च्या अभ्यासात दिसतं. वर्षानुवर्षं बेंझोडायझेपाइन घेणाऱ्या ६५ जणांचा डोस देखरेखीखाली उतरवला. नुसता डोस उतरवलेल्यांपैकी ३८ टक्क्यांची गोळी पूर्ण सुटली, जोडीला वर्तनोपचार मिळालेल्यांपैकी ७७ टक्क्यांची.

झोल्पिडेमसारखी आखूड, म्हणजे अंगात थोडाच वेळ टिकणारी गोळी थोडे आठवडे घेतली असेल तर डॉक्टर रात्री कमी करायला सांगतात. इथे सगळा भर वेळापत्रकावर. रविवारी दुपारी कॅलेंडर घेऊन बसायचं आणि येत्या आठवड्यातल्या बिनगोळीच्या रात्रींवर फुली मारायची. पहिल्या आठवड्यात दोन, पुढच्यात चार, मग सहा, मग सात. एकदा मारलेली फुली बदलायची नाही. उद्या इन्स्पेक्शन आहे म्हणून गोळी घेतली तर भीतीला पुन्हा बक्षीस मिळालं. उलटही खरं: गोळीच्या रात्री "आज बरं वाटतंय, नको" असंही करायचं नाही. ठरलेली आहे ना, घ्या.

पहिल्या एक-दोन बिनगोळीच्या रात्री वाईट जातात. गोळी थांबल्यावर झोप काही दिवस आधीपेक्षाही बिघडते, आणि बहुतेकांना तो आपला मूळ रोग परतला असं वाटतं. तो परतीचा झटका असतो. आखूड गोळीत तो बहुधा काही रात्रींत ओसरतो. शिक्षिकाबाई पहिल्या फुलीच्या रात्री साडेचार तास झोपल्या आणि सकाळी मला फोन करून म्हणाल्या, "बघा, म्हटलं होतं ना." त्या रात्री खिडकी सैल केली नाही, दुपारची डुलकी नाही. आठव्या आठवड्यात गोळी पूर्ण थांबली. दहाव्या आठवड्यात सहा तासांच्या खिडकीत पाच तास वीस मिनिटं झोप, म्हणजे ८९ टक्के. मग १५ मिनिटं वाढवली.

सगळ्यांचं असं सरळ होत नाही. काहींना चार महिने लागतात, काही अर्ध्या डोसवर अडकतात. अडकलात तर आहे त्या डोसवर महिनाभर थांबा. मागे जाऊ नका.

मदत कुठे

झोपेचा वर्तनोपचार शिकलेले लोक नाशिकमध्ये मोजकेच. मानसोपचारतज्ज्ञांना किंवा समुपदेशकाला थेट विचारा: "तुम्ही झोपेची डायरी ठेवायला लावता का? अंथरुणातला वेळ आवळण्याचा उपाय करता का?" दोन्हीला "नाही" आलं तर तो वेगळा उपचार आहे, चांगला असला तरी हा नव्हे. साधारण सहा ते आठ भेटी लागतात. खिसा परवानगी देत नसेल तर जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात चौकशी करा. केंद्र सरकारची टेली-मानस ही हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य आहे आणि मराठीत बोलता येतं. जगणं नकोसं वाटण्याचे विचार येत असतील तर डायरी वगैरे सगळं बाजूला, आजच फोन करा आणि घरातल्या गोळ्या दुसऱ्या कुणाच्या ताब्यात द्या.

झोप पुन्हा बिघडणार, हे धरून चाला. घरात आजारपण येईल, मुलीचं लग्न निघेल. दोन-तीन वाईट रात्री म्हणजे रोग परतला असं नाही. दोन आठवडे गेले तरी सुधारणा नसेल तर डायरी काढा, हिशेब करा, खिडकी अर्ध्या तासानं आवळा. गोळीचा विचार त्यानंतर, आणि तोही डॉक्टरांशी बोलून, पुन्हा वेळापत्रकानंच.

राहता राहिली ती उरलेली स्ट्रिप. ती शेजारणीला देऊ नका, "माझ्या जावेलाही झोप येत नाही" म्हणून तर नाहीच. गोळ्या वेष्टनातून काढून चहाच्या ओल्या चोथ्यात कालवा, पिशवीला गाठ मारा आणि घंटागाडीत टाका. शिक्षिकाबाईंनी ते करायला आणखी तीन महिने घेतले. तोवर स्ट्रिप कपाटात वरच्या खणात होती, रुमालातच.